व्हूडू ३ ग्राफिक्स कार्डावर 'ए'चा 'सी' होतोय आणि शून्याचा दोन: ड्रायव्हर नव्हे, मग बिघाड कशात?

रिवाइंडिंगवाला (कोल्हापूर):

मंडळी, नमस्कार. पोस्ट लांबलचक आहे. पण अर्धी माहिती टाकली की पुढची दहा उत्तरं 'आधी हे सांगा, आधी ते सांगा' यातच जातात, म्हणून सगळं एकदमच लिहितो.

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, शिवाजी उद्यमनगरात. मेगर, टाँगटेस्टर, मल्टीमीटर रोज हातात असतात, पण कॉम्प्युटर कार्डाची दुरुस्ती हे माझं काम नव्हे. छंद म्हणून जुनं मशीन जुळवायलोय. पेंटियम थ्री ५००, स्लॉट वनवाला. बोर्ड इंटेल ४४०बीएक्स चिपसेटचा, त्यावर अवॉर्ड बायॉस, म्हणजे मशीन चालू होताच विंडोजच्या आधी चालणारा प्रोग्राम. १२८ एमबीच्या दोन पीसी१०० रॅम, २० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ९८ सेकंड एडिशन. हे सगळं घरचंच, माळ्यावर होतं.

कार्ड तेवढं बाहेरचं. थ्रीडीएफएक्स कंपनीचं व्हूडू ३ ३०००, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड, एजीपी स्लॉटात बसणारं, १६ एमबी मेमरीचं. शाहूपुरीत एक सायबर कॅफे होता, केव्हाच बंद पडला. २०१९ च्या पुरात त्या गाळ्यात पाणी शिरलं तेव्हा जुनी कॅबिनेटं खालच्याच फळीवर होती. मालक मावसभावाच्या ओळखीचा. किलोवर भंगारात घालणार होता, मी म्हटलं जरा थांबा. बोर्ड गंजून गेलेला, एसएमपीएसमध्ये (पॉवर सप्लायमध्ये) गाळ, धड निघालं ते हे एक कार्ड. डिस्टिल्ड वॉटरनं धुतलं, आयसोप्रोपिल आणि ब्रश मारला, आणि वाइंडिंग सुकवायच्या ओव्हनमध्ये ५०-६० डिग्रीवर ठेवून खडखडीत वाळवलं.

आता दुखणं. मशीन चालू केलं की बीप एकच वाजतो, चित्र येतं. एक लांब, दोन आखूड असं काही नाही. पण स्क्रीनवरचं एकाआड एक अक्षर बदललेलं! 'अवॉर्ड मॉड्युलर बायॉस' ही पहिली ओळ घ्या, इंग्रजी स्पेलिंग डोळ्यापुढं आणा. 'अवॉर्ड'च्या जागी येतंय सी-डब्ल्यू-सी-आर-एफ. 'मॉड्युलर'च्या जागी ओ-ओ-एफ-यू-एन-ए-आर. आणि त्याच ओळीत पुढं 'बायॉस' अगदी बरोबर, चारही अक्षरं जिथल्या तिथं. रॅम मोजून झाली की २६२१४४ च्या ऐवजी २६२३४६ दिसतंय. जिथं काहीच नसायला पाहिजे त्या काळ्या जागेत एकाआड एक दुहेरी अवतरणचिन्हं, वरपासून खालपर्यंत. रंग मात्र कुठं बिघडलेले नाहीत.

विंडोज १६ बिट रंगांत सुरू झालं की जवळजवळ निर्मळ. इतकं, की मला वाटलं बरं झालं कार्ड. काळा वॉलपेपर ठेवून, खोलीतला दिवा मालवून, नाक स्क्रीनला टेकवलं तर अगदी फिकट निळ्या उभ्या रेघा दिसतात. २५६ रंग केले की त्याच जागी ठसठशीत ठिपके येतात. आणि क्वेक थ्री हा थ्रीडी गेम सुरू केला की काही सेकंदांत गोठतोय, रीसेटशिवाय इलाज नाही.

करून झालेलं: त्याच एजीपी स्लॉटात घरचं दुसरं ग्राफिक्स कार्ड, एसआयएस ६३२६, लावलं तर सगळं स्वच्छ, म्हणजे स्लॉट आणि बोर्ड सुटले. व्हूडूचे सोनेरी कॉन्टॅक्ट खोडरबरानं घासले. रॅम एकेक करून बघितली. बायॉसमधलं अॅपर्चर, शॅडो वगैरे फिरवून झालं. ड्रायव्हर १.०७ काढून परत टाकला.

प्रश्न एवढाच: मुख्य चिप गेलीय की मेमरी? कार्डावर मेमरीच्या आठ चिप आहेत. आठांतली कुठली ते कळायचा काही मार्ग आहे का, का फ्रेम करून भिंतीला लावू?

स्लॉटवन (पुणे):

माहिती इतकी व्यवस्थित देणारे फार कमी, त्याबद्दल आधी आभार. बायॉसच्या पडद्यावरच गडबड दिसते म्हणजे विंडोज, ड्रायव्हर, डायरेक्टएक्स यांतलं काहीच अजून आलेलं नसतं. तो अध्याय बंद करा.

माझ्या डोक्यात पहिलं येतं ते व्होल्टेज. व्हूडू ३ ला वेगळी पॉवर केबल नाही, सगळं एजीपी स्लॉटातून. तुमचा एसएमपीएसही त्याच वयाचा असणार. २० पिनच्या कनेक्टरची नारिंगी वायर म्हणजे ३.३ व्होल्ट. मशीन चालू असताना तिथं मीटर लावा. ३.१४ च्या खाली किंवा ३.४६ च्या वर असेल तर आधी एसएमपीएस बदला, मग कार्डाकडे बघा. एसआयएस ६३२६ अगदी मिताहारी, त्यामुळे ते चाललं म्हणून पॉवर चांगली आहे असं होत नाही. एजीपी स्लॉटजवळच्या कपॅसिटरांच्या डोक्यावरूनही बोट फिरवा. डोकं सपाट पाहिजे, फुगलेलं किंवा तपकिरी झिरपलेलं नको. त्या सुमारापासून पुढच्या काही वर्षांतल्या बोर्डांना ते दुखणं फार होतं.

आणि कुणी 'माझ्याकडे पेंटियम फोरचा बोर्ड आहे, त्यात लावून बघू' म्हणालं तर नको म्हणा. बीएक्सचा एजीपी ३.३ व्होल्टचा, ८४५ चिपसेटपासून पुढे १.५ व्होल्टचा. खाच वेगळ्या बाजूला असते, पण हौशी माणूस जोर लावतो.

हळदबाजार (सांगली):

एवढा खल कशाला? कार्ड भाजा की. २०० डिग्रीवर आठ-दहा मिनिटं, आतलं सोल्डर पुन्हा बसतं. नेटवर शंभर व्हिडिओ आहेत. आणि या भावाकडं ओव्हन तर आहेच!

रिवाइंडिंगवाला (कोल्हापूर):

ओव्हन वार्निश सुकवायचा आहे भावा, पिझ्झ्याचा नाही. शिवाय शिरोलीला गेलो तर १४०० डिग्रीच्या भट्ट्यापण मिळतील. पण त्या बिडाच्या, कार्डाच्या नव्हेत.

स्लॉटवन, ३.३ वर ३.३१ येतंय. गेम गोठला तेव्हाही ३.२९ च्या खाली गेलं नाही. कपॅसिटर सपाट. पॉवर सोडा.

निवृत्त मास्तर (गडहिंग्लज):

मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होतो, आता घरी असतो. रिवाइंडिंगवाले, तुम्ही बिघाडाचं उत्तर प्रश्नातच लिहून टाकलंय. फक्त वाचायचं राहिलंय.

प्रत्येक अक्षराला मेमरीत एक आकडा असतो. तो आठ चालू-बंद खुणांनी लिहितात, त्यांच्या किमती १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८. एकेक खूण म्हणजे बिट, आठ मिळून एक बाइट. मोठा 'ए' ६५, तुमच्याकडं दिसतोय 'सी', म्हणजे ६७. लहान 'डी' १००, दिसतोय 'एफ', १०२. मोठा 'एम' ७७, दिसतोय 'ओ', ७९. लहान 'एल' १०८, दिसतोय 'एन', ११०. मोकळी जागा ३२, तिथं दुहेरी अवतरण, ३४. आकडा १ चा कोड ४९, दिसतोय ३, म्हणजे ५१. जिथं जिथं बदल आहे तिथं बरोबर दोन वाढलेत. एकदाही तीन नाही, एकदाही कमी झालेले नाहीत.

आता न बदललेली बघा. 'बी' म्हणजे ६६, ६४ अधिक २. मोठा 'ओ' ७९, त्यातही २ आहेच. आकडा ६ चा कोड ५४, म्हणजे ३२ अधिक १६ अधिक ४ अधिक २. यांच्यात दोनचा बिट आधीपासून चालू, म्हणून त्यांना काही होत नाही. 'बायॉस' शब्द बरोबर दिसतो तो म्हणून. त्यातला 'आय' आणि 'एस' तुमच्या बऱ्या रकान्यांत पडले, आणि बिघडलेल्या रकान्यांतल्या 'बी' आणि 'ओ'ला बिघाड लागूच होत नाही.

तेव्हा मेमरीतून येणाऱ्या तारांपैकी एक, किमतीनं दोनची, कायम 'एक' वाचली जातेय. एकच. मुख्य चिप मेली असती तर असा शिस्तशीर घोटाळा झाला नसता. अक्षराचा आकडा आणि अक्षराचा रंग मेमरीत वेगवेगळ्या बाइटांत असतो, म्हणून रंग शाबूत. आणि बिघाड एकाआड एक रकान्यात का? या कार्डाची मेमरी १२८ बिट रुंद आहे, आठ चिपा गुणिले १६. एका वेळी १६ बाइट उचलले जातात आणि त्यातला ठरावीक तुकडा ठरावीक चिपच्या वाट्याला येतो. एका चिपची एक तार गेली की दर ठरावीक अंतरानं तोच बिट बिघडतो.

विंडोजमध्ये बरं वाटतं त्याचंही कारण हेच. १६ बिट रंगात एक ठिपका दोन बाइटांचा, म्हणजे दर आठव्या ठिपक्याला हा बिट लागतो. आणि तो पडतो निळ्याच्या खालच्या टोकाला, ३१ पैकी २ एवढाच फरक. उजेडात डोळ्याला कळणारच नाही. तुम्ही दिवा मालवून बघितलंत, शाबास. २५६ रंगांत ठिपका एका बाइटाचा, तिथं दोननं आकडा सरकला की रंगतक्त्यातला भलताच रंग येतो, म्हणून ठिपके ठसठशीत. माझा हिशेब बरोबर असेल तर ६४० बाय ४८० आणि २५६ रंग ठेवल्यावर दर १६ ठिपक्यांनी एक, अशा ४० रेघा पाहिजेत. मोजा.

गेम गोठतो त्याबद्दल: या घराण्याच्या कार्डांवर थ्रीडीच्या आज्ञांची रांगसुद्धा कार्डाच्याच मेमरीत ठेवता येते. चित्रातला बिट फिरला तर ठिपका दिसतो. आज्ञेतला फिरला तर कार्ड अडकून बसतं.

भाजू नका. मेमरीच्या चिपांना दोन्ही बाजूंना उघड्या पिना आहेत, डोळ्याला दिसतात, एकेक करून तपासता येतात. एका पिनेसाठी अख्खं कार्ड २०० डिग्रीला नेलं तर कपॅसिटर, प्लॅस्टिकचे सॉकेट, सगळ्यांचं आयुष्य खर्ची पडतं. आणि ज्या ओव्हनमध्ये शिशाचं सोल्डर तापवलं त्यात पुन्हा अन्न शिजवू नये, हे त्या व्हिडिओवाल्यांना कुणीतरी सांगायला हवं.

पुढचं काम. कॅबिनेट आडवं करा म्हणजे कार्ड उभं राहील. मशीन चालू करून अवॉर्डचा पडदा आला की पॉझची कळ दाबा, पडदा तिथंच थांबेल. पेन्सिलीच्या मागचं खोडरबर घ्या, लोखंडी काही नको, आणि एकेका चिपवर अलगद दाब द्या. आधी मधोमध, मग चारी कोपऱ्यांना. नजर अवतरणचिन्हांवर. कुठल्या चिपवर ती गायब होतात ते सांगा.

रिवाइंडिंगवाला (कोल्हापूर):

मास्तर, ४०! रेघा ४० च भरल्या. पोरानं एकदा मोजल्या, मी एकदा. पोरगा बारावीला आहे, म्हणतोय हे पुस्तकात असं का देत नाहीत.

दाबून बघितलं. हीटसिंकच्या (मुख्य चिपवरच्या उष्णता काढणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) वरच्या अंगाला ज्या चिपा आहेत, त्यातल्या कडेच्या चिपवर मधोमध दाबून काही नाही. तिच्या खालच्या कोपऱ्यावर खोडरबर टेकवलं आणि पडदाभर असलेली अवतरणचिन्हं एकदम गेली. 'सी'चा 'ए' झाला. हात काढला की परत हजर. बाकीच्या सातांवर कितीही दाबा, ढिम्म. तास-दीड तास मशीन चालू ठेवलं की न दाबताही ती चिन्हं मधूनमधून लुकलुकतात, हे आज पहिल्यांदा ध्यानात आलं.

म्हणजे त्या कोपऱ्यातली पिन सुटलीय. आता नेमकी कुठली? एका बाजूला २५ पिना. आणि माझ्याकडचा सोल्डरिंग गन १०० वॅटचा आहे, तो घेऊन तिथं जायचं धाडस नाही.

निवृत्त मास्तर (गडहिंग्लज):

गन तर अजिबात नको, पॅडच, म्हणजे पिन जिथं बसते तो बोर्डावरचा तांब्याचा तुकडाच, उचलून आणेल.

चिपवरचा नंबर टाकून डेटाशीट उतरवून घ्या. त्यात कुठल्या पिना डेटाच्या ते दिलेलं असतं. फक्त त्यातली 'दुसऱ्या बिटाची' म्हणून लिहिलेली पिनच आपली, असं धरू नका. बोर्ड आखणारे तारा सरळ जाव्यात म्हणून डेटाच्या पिनांची आपसांत अदलाबदल करतात, मेमरीला त्यानं फरक पडत नाही. कोपऱ्याजवळच्या सगळ्याच डेटा पिना तपासा.

कार्ड बाहेर काढा. मल्टीमीटर डायोड तपासायच्या खुणेवर. लाल प्रोब कार्डाच्या जमिनीला, म्हणजे मॉनिटरच्या सॉकेटच्या पत्र्याला, आणि काळा प्रोब एकेका पिनेला. सगळ्या डेटा पिनांवर साधारण सारखा आकडा येईल. जी सुटलीय तिच्यावर थोडा जास्त येईल, कारण तिथं मीटरला फक्त मेमरीची चिप दिसते, पलीकडची मुख्य चिप दिसत नाही.

यात एक मेख आहे. प्रोब पिनेच्या पायावर दाबलात तर सुटलेली पिन पॅडला टेकेल आणि बरी असल्यासारखी दिसेल. चिपच्या अंगातून पिन बाहेर येते तिथं वर खांद्यासारखा बाक आहे, तिथं प्रोब नुसता टेकवा. टोक बोथट असेल तर प्रोबला शिवणाची सुई बांधा.

फ्लक्सवाला (राजारामपुरी, कोल्हापूर):

दादा, धागा कालपासून वाचतोय. माझं मोबाईल रिपेअरिंगचं आहे, मायक्रोस्कोप आहे, सोल्डरिंगचं बारीक बिट, म्हणजे टोक, आहे. मोबाईलच्या पिनांपुढं ह्या पिना म्हणजे हायवे हाय. मास्तर म्हणतात ती पिन शोधून घेऊन या, दोन मिनिटांत बसवतो. पैशाचं नंतर बघू, मला ते कार्ड बघायचंय. मी जन्मलो तेव्हा ती कंपनी बंद पडत होती.

हळदबाजार (सांगली):

कंपनी बंद पडली, कार्ड पुरात बुडालं, तरी कोल्हापूरकर सोडंना. नाद खुळा म्हणतात तो हाच!

स्लॉटवन (पुणे):

२००० च्या डिसेंबरात एनव्हिडियानं थ्रीडीएफएक्सची मालमत्ता विकत घ्यायचं जाहीर केलं. त्यानंतर अधिकृत ड्रायव्हर थांबले, पुढचे हौशी लोकांनी बनवले. व्हूडू ३ वर १.०७ च ठेवा, ग्लाइडचे, म्हणजे खास थ्रीडीएफएक्सच्या कार्डांसाठी लिहिलेले, जुने गेम त्यावर निवांत चालतात. मास्तरांचं उत्तर मी जपून ठेवलंय. आजवर असा पडदा दिसला की आम्ही 'मेमरी गेली' म्हणून कार्ड खोक्यात टाकत होतो.

रिवाइंडिंगवाला (कोल्हापूर):

उशीर झाला, दुकानात बोअरवेलच्या पंपांची गर्दी होती.

पिन सापडली. इतर डेटा पिनांवर ०.४८ ते ०.४९ येत होतं, एकीवर ०.५६. कोपऱ्यापासून मोजत गेलं तर पाचवी. भिंगातून सरळ बघितलं तर काहीसुद्धा दिसत नाही, सोल्डर चकचकीत. बॅटरीचा उजेड आडवा मारला तेव्हा पिनेच्या पायाभोवती केसाएवढी काळी रेघ दिसली, पूर्ण गोल. शिवणाच्या सुईनं शेजारच्या पिनांना बाजूनं टोचलं, त्या दगडासारख्या. हिला टोचलं तर हलली. आणि तिच्या मागं, चिपच्या पोटाखाली, तपकिरी गाळ वाळून बसलाय. पंचगंगेचाच. आयसोप्रोपिल मारूनही तिथपर्यंत ब्रश गेला नव्हता.

राजारामपुरीत नेलं. पोरानं आधी चिपखाली फ्लक्स क्लीनर सोडून बारीक ब्रशनं तो गाळ काढला, त्यालाच वेळ लागला. म्हणाला, हा ओल धरतो, नुसती पिन बसवली तर पावसाळ्यात परत याल. मग फ्लक्स लावून, ६३-३७ चं (कथील-शिशाचं) अगदी थोडं सोल्डर बिटावर घेऊन त्या पिनेला टेकवलं. नुसतं टेकवलं, हात मोजून एक सेकंद. सोल्डर आपोआप पायाभोवती ओढलं गेलं. मायक्रोस्कोपच्या पडद्यावर ते बघताना मला माझ्या धंद्याची आठवण झाली, वार्निश वाइंडिंगच्या आत शिरतं तसंच. त्याच चिपच्या दोन्ही बाजूंच्या उरलेल्या पिनांवरूनही त्यानं बिट फिरवून घेतलं. पैसे घेईना, म्हणून दुकानातला एक टेबलफॅन त्याला रिवाइंड करून द्यायचं ठरलंय.

मशीनमध्ये लावलं. अवॉर्ड मॉड्युलर बायॉस, स्पेलिंगसकट. २६२१४४. काळी जागा काळी. २५६ रंगांत एकही रेघ नाही. क्वेक थ्री संध्याकाळी सातला लावला तो जेवायला हाक येईपर्यंत चालू होता.

मीटरवर आता ती पिनपण ०.४८.

एक शंका उरली. हीटसिंकला बोट लावून ठेवता येत नाही इतका तापतोय. त्यावर पंखा नाहीच. कंपनीनंच दिला नव्हता का पुरात गेला?

स्लॉटवन (पुणे):

३००० ला मुळातच पंखा नव्हता, नुसता हीटसिंक. १६६ मेगाहर्ट्झवर तो तापतोच, त्या काळीही तक्रार होती. हीटसिंक उपटून नवा बसवायच्या फंदात पडू नका, तो चिकटवलेला असतो आणि चिपसकट येतो. कॅबिनेटचा साधा ८ सेंटिमीटरचा पंखा कार्डासमोर बांधा. आवाज नको असेल तर हार्ड डिस्कच्या चार पिनांच्या कनेक्टरवरून पंख्याची लाल तार पिवळ्या वायरला आणि काळी तार लाल वायरला जोडा. १२ मधून ५ गेले, पंख्याला ७ व्होल्ट मिळतात. सुरू होताना अडखळत नाही ना तेवढं बघा.

निवृत्त मास्तर (गडहिंग्लज):

पंखा जरूर बांधा. गरम-गार होण्यानंच सोल्डरचे सांधे सुटतात, तुमच्या त्या पिनेला गाळ आणि उष्णता दोन्हींनी मिळून खाल्लं असणार. उरलेल्या सात चिपांखालीही गाळ असेल, सवडीनं त्या पोराकडून काढून घ्या.

रिवाइंडिंगवाला (कोल्हापूर):

पंखा आजच बांधतो मास्तर. सात व्होल्टची जोडणी आवडली, आमच्याकडं मोटार कमी व्होल्टवर सुरू करायला स्टार-डेल्टा जोडणी करतात त्याच जातीची युक्ती आहे. गाळाचं रविवारी करून घेतो.

हळदबाजार (सांगली):

मास्तर, भाऊ, चेष्टा बाजूला. माझ्याकडं एक टीएनटी२ ग्राफिक्स कार्ड पडून आहे, आत्ता माळ्यावरून काढून लावलं. माझ्यात मोकळी जागा स्वच्छ आहे, अवतरणबिवतरण काही नाही. पण 'ई'चा 'ए' होतोय, ४ चा शून्य, ५ चा १. 'ए', 'बी', 'सी' बरोबर. हे काय? खोडरबर घेऊ का?

रिवाइंडिंगवाला (कोल्हापूर):

मास्तरांच्या आधी मी सांगून बघतो, चुकलं तर ते कान धरतील. 'ई' ६९, 'ए' ६५. चार कमी झाले. ४ चा कोड ५२, शून्याचा ४८, परत चार कमी. ज्यांच्यात चारचा बिट नाही ती बरोबर राहतायत, मोकळी जागा ३२, तिच्यातही चार नाही. म्हणजे तुझी चारची तार, आणि ती कायम शून्य. माझी एकला अडकली होती, तुझी शून्याला. सुटलेली असेलच असं नाही, कुठंतरी जमिनीला टेकली असेल.

निवृत्त मास्तर (गडहिंग्लज):

अगदी बरोबर. सांगलीकर, खोडरबर नंतर. आधी कार्ड बाहेर काढून डायोडवरच सगळ्या डेटा पिना मोजा. एखादीवर शून्याच्या आसपास आकडा आला तर तिच्या आणि शेजारच्या जमिनीच्या पिनेच्या मध्ये सोल्डरचा कण किंवा कचरा अडकलाय का ते भिंगातून बघा. तसं काही दिसलं नाही, तर चिपच आतून गेलेली असू शकते, आणि मग तसल्याच दुसऱ्या कार्डावरून चिप काढून बसवावी लागेल. आकडे इथं टाका. आणि ओव्हन बंदच राहू द्या.

हळदबाजार (सांगली):

मीटर शेजाऱ्याकडं आहे. उद्या टाकतो.